ज्वारीएवढा ठिपका

क्वार्टर गेटजवळ, तिसऱ्या मजल्यावर
जिना संपतो तिथे डाव्या हाताला माझी खोली.
दार लावलं की रिक्षांचे हॉर्न अर्धे होतात,
दिवा मालवला की उरलेल्यातले अर्धे.

अंकुश वाघचौरे, वय चौतीस, भोसरी.
प्रेस शॉपला होते. कपची उडाली, उजवा डोळा.
सोबत कंपनीचं पत्र, विमावाल्यांचं पत्र,
आणि बाहेर बाकावर बायको,
फरशी नुकती पुसलेली म्हणून चपला हातात घेऊन बसलेली.

तक्त्यासमोर बसवलं. डावा डोळा झाकला.
हे कुठलं अक्षर?
अंधार.
हे वरचं, सगळ्यात मोठं?
अंधार, मॅडम.
इतक्या पटकन म्हणाले
की घरून पाठ करून आणल्यासारखा वाटला.

बरं, म्हटलं. आता काही विचारत नाही.
हनुवटी इथे टेकवा. समोर बघा नुसतं.
दिसत नाही तर नाही.

पडद्यावर पट्टे सोडले.
काळा, पांढरा, काळा, पांढरा,
आणि डोळा निघाला.
उसाच्या ट्रॉलीमागे पोरगं पळतं तसा:
थोडं अंतर धरून जायचं, सुटायचं,
झटक्यात मागे येऊन पुढची ट्रॉली गाठायची.
वाघचौरे हलले नव्हते.
ओठ मिटलेले, मुठी मांडीवर.
घरी काय ठरलंय
ते डोळ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

चार सेकंदांत कळलं मला.
पत्रातल्या प्रश्नाला तेवढं पुरलं असतं:
दिसतं की नाही, कळवावे.

पण यंत्राला पुढचंही विचारता येतं.
पट्टे पळते ठेवायचे
आणि मधोमध एक ठिपका, जागचा न हलणारा.
तो दिसला की डोळा पळायचा थांबतो,
मालकाची परवानगी न घेता.
केवढ्या ठिपक्याला थांबला, तेवढी नजर.

ठिपक्यांना नंबर आहेत.
मी आपली आईच्या डब्यांवरून नावं ठेवलीत.
खसखस. डोळा पळत राहिला.
मोहरी. पळतच.
बाजरीला जरा अडखळला,
माझाही श्वास अडखळला. नाही. निघाला पुन्हा.
ज्वारी.

थांबला.

पट्टे दोन्ही बाजूंनी वाहत होते
आणि डोळा मध्ये उभा,
पुरात खांब धरून माणूस उभा राहतो तसा.
दोनदा केलं. तिसऱ्यांदा केलं. ज्वारीच.

अंधार खोटा होता. कपची खरी होती.
एवढ्या नजरेवर प्रेसखाली हात घालायला
आता कुणी उभं करणार नाही, हे त्यांना कळत होतं.
अर्ध्यामुर्ध्या अंधाराचे किती मिळतात
ते कळत नव्हतं.
म्हणून त्यांनी सगळाच मागितला.

दिवा लावला. त्यांनी डोळे पुसले, दोन्ही.
"काय बोलला, मॅडम?"
कोण?
"डोळा."
मी प्रिंटरकडे बघत राहिले.
कागद एरवी इतका हळू निघत नाही.

रिपोर्टात आकडा लिहिला. होता तोच.
मोहरीचा नाही, अंधाराचा नाही.
खाली शेरा म्हणून दोन ओळी रिकाम्या असतात.
तिथे लिहिलं: रुग्णाने सहकार्य केले.
ते काही खोटं नाही.

बाहेर बायकोनं चपला खाली ठेवल्या, घातल्या,
कागद माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतला
आणि उलटा धरून वाचला.

संध्याकाळी हडपसरच्या बसला जागा मिळाली.
रस्त्यामधल्या रेलिंगचे गज मागे पळत होते.
समोर खिडकीशी एक मुलगी, कानाला फोन:
अगं कुठे काय, मजेत आहे मी, खरंच.
तिचे डोळे गज धरत होते, सोडत होते,
धरत होते.

सवयीनं मी मोजायला लागले.
मग पिशवीत तोंड घातलं
आणि उगाच किल्ली शोधत बसले,
फातिमानगर जाईपर्यंत.